नुसती पेज

आमच्याकडे पेजेला कोणी जेवण म्हणत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. ताप आला की पेज, पोट बिघडलं की पेज, बाळंतिणीला पेज. कोणी विचारलं, "काय खाल्लंस?" तर उत्तर ठरलेलं, "काय नाय, नुसती पेज." म्हणजे पोटात काहीच गेलेलं नाही. आमचे वडील गिरणीत पहिल्या पाळीला जाताना टोपभर पेज पिऊन निघायचे आणि वर सांगायचे, आज उपाशीच चाललोय.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. तोंडाळ आहे. वर्गात माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरं पण हाताची घडी घालून बसायची. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि भाऊ अकरा. तेव्हापासून त्याने काय घालायचं, काय खायचं, कोणाशी बोलायचं, हे मीच ठरवत आले. दोघांचीही लग्नं राहून गेली, तीही बहुतेक माझ्या तोंडामुळेच. पण माझ्या भावासारखा ऐकणारा माणूस अख्ख्या काळाचौकीत सापडायचा नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगायचे. आता सांगत नाही.

तो दादरला एका छापखान्यात नोकरी करतो, पण त्याची खरी ओळख भजनाची. आमच्या कोकणातल्या भजनांत पुढे पेटी घेऊन बसणाऱ्याला बुवा म्हणतात, आणि आमच्या इमारतीत कोणीही त्याला नुसतं बुवाच म्हणतं. वजन एकशे अठरा किलो. पेटीसमोर बसला की पेटी त्याच्या पोटाला टेकते. गजराची लय चढवत नेताना तो पोट असा काही आत ओढतो आणि सोडतो की मागच्या टाळकऱ्यांना वेगळा इशारा लागत नाही. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, भजन पार्किंगच्या वरच्या पोडियमवर गेलं, तरी त्याचा आवाज आमच्या सतराव्या मजल्यावर स्वच्छ ऐकू यायचा. मी खाली कधी फारशी गेले नाही. खिडकी उघडी ठेवून भाजी निवडत बसायचे.

गाठ सापडली ती पाठदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे. मी इतकी वर्षं फळ्यावर स्वादुपिंड काढलं, बाण काढून नाव लिहिलं, पण ते नेमकं कुठे असतं हे परळच्या त्या हॉस्पिटलात सर्जनने कागदावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. पार आत, जठराच्या मागे, जवळजवळ कण्याला लागून. सर्जन तरुण होता, सडपातळ, माझ्या हातचा मार खाल्लेला असावा अशा वयाचा. चांगलं बोलला. गाठ हळू वाढणारी वाटते, म्हणाला, पण काढायला हवी. शेपूट आणि त्याला लागून असलेली प्लीहा, दोन्ही काढावी लागतील.

"कशी काढणार?" मी विचारलं.

"दोन रस्ते आहेत. एक, पोट उघडून, इथून इथपर्यंत." त्याने स्वतःच्या शर्टावर बरगड्यांखालून बेंबीपर्यंत बोट फिरवलं. "दुसरा, रोबोटने. पाचसहा छोटी भोकं. रोबोट स्वतः काही करत नाही, मी बाजूला बसून त्याचे हात चालवतो."

"मग रोबोटनेच करा ना. त्यात विचारायचं काय?"

तो हसला नाही. "मॅडम, गंमत अशी आहे की जाड पेशंटला रोबोटचा फायदा जास्त, आणि जाड पेशंटलाच रोबोट कठीण. उघडून केलं तर जखम लवकर भरत नाही, पू होतो, पुढे हर्निया होतो, छातीत कफ साठतो. म्हणून भोकं बरी. पण आत चरबी इतकी असते आणि यकृत इतकं मोठं झालेलं असतं की मला दिसायलाच जागा उरत नाही. मग मधेच थांबून उघडावं लागतं."

भाऊ ऐकत होता. मग त्याने एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, गाता येईल ना?"

सर्जनने त्याच्याकडे नीट पाहिलं. छोट्या भोकांनी झालं तर दोनतीन महिन्यांत बसाल पेटीवर, म्हणाला. उघडलं तर सांगता येत नाही. पोटाचे स्नायू कापले जातात. जोर लावून गाणं बराच काळ बंद, आणि नंतर किती जमेल ते नंतरच कळेल. भावाने मान डोलावली. घरी येताना टॅक्सीत खिडकीबाहेर बघत तो हळूच कुठलीशी ओळ गुणगुणत होता, आणि मी त्याला म्हटलं, "गप ऱ्हव. दम जपून ठेव."

तर ठरलं असं की तीन आठवडे कडक आहार. त्याने यकृत लहान होतं, आतली चरबी थोडी सैल होते, रोबोटला जागा मिळते. आहार ठरवून देणारी हॉस्पिटलातली मुलगी जेमतेम पंचविशीची. तिने तक्ता दिला: प्रोटीनची पावडर, ताक, सूप, उकडलेली भाजी, अंड्याचा पांढरा भाग. भात, पोळी, बटाटा, साखर बंद. बंद या शब्दाखाली तिने लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. मला ती आवडली. मीही तशाच रेघा मारायचे.

आणि मी तो तक्ता पाळला! कोणी म्हणू नये की मी हयगय केली. तक्ता फ्रिजवर चिकटवला. तांदळाचा डबा वरच्या फळीवर टाकला. त्याच्या पानात भाताचं शीत पडू दिलं नाही, आणि त्याच्यासमोर खाणं बरं दिसत नाही म्हणून मीही भात सोडला. शेजारीण घावने घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. भजनातली माणसं भेटायला आली तर प्रत्येकाची पिशवी तपासली. एकाच्या पिशवीत गुळाचं खाजं निघालं. त्याला मी असं काही झापलं की तो अजून लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला.

"ताई, माका चक्कर येता."

चेहरा पांढराफटक. ओठ सुकलेले. एवढा मोठा माणूस, आणि मला तो एकदम कावीळ झालेला अकरा वर्षांचा पोरगा दिसला, आई जाऊन महिना झालेला असताना. तेव्हा मी त्याला काय दिलं होतं? पेज. दुसरं काही मला करताच येत नव्हतं. सहा आठवडे पेज पाजून मी त्याला उभा केला होता.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठायला लागले. वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. उकडा तांदूळ दोन मुठी, भरपूर पाणी, मंद गॅस, वरून मीठ. आठ वाजता वाटीभर, दुपारी छापखान्यात थर्मासमधून, संध्याकाळी परत एक. रविवारी वर चमचाभर तूप. तक्ता तसाच चालू होता, ताक, सूप, अंडं, सगळं. पेज मी त्यात धरलीच नाही. पाणी धरतो का आपण? औषधाच्या गोळ्या धरतो का?

पहिल्या दिवशी त्याने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या चलता?" एवढंच विचारलं.

"पी गुपचूप. नुसती पेज आसा."

तो प्यायला.

त्याच्या अंगात जीव आला. मी खूश. पण त्याला मधुमेह जुना, आणि साखर काही खाली येईना. दर दोन दिवसांनी बोट टोचून आकडा पाठवायचा होता, तो चढाच. इन्शुलिन वाढवलं, तरी तेच. मी त्या यंत्राला शिव्या दिल्या, मेडिकलवाल्याशी भांडून पट्ट्यांची नवीन डबी आणली. एका संध्याकाळी आहारवाल्या मुलीचा फोन त्याच्या मोबाइलवर आला. तो बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बोलला, बराच वेळ.

"काय म्हणता ती?" मी विचारलं.

"काय नाय. पाणी जास्त पी म्हणता."

ऑपरेशनच्या चार दिवस आधी तिने समोर बसवून विचारलं, तक्त्याबाहेर काही जातंय का. उत्तर मी दिलं, नेहमीप्रमाणे. "अजिबात नाही. मी स्वतः बघते." त्याने पायातल्या चपलांकडे पाहिलं. वजन फक्त दीड किलो उतरलं होतं. मुलीने पेन कागदावर दोनदा आपटलं आणि सर्जनकडे पाठवलं. त्याने वजन पाहिलं. म्हणाला, रोबोटने सुरू करतो, बघू.

सकाळी साडेसातला त्याला आत नेलं. ढकलखुर्चीत मावत नव्हता म्हणून चालतच गेला, हिरवा डगला मागून उघडा, तो मागे हाताने धरून. दारापाशी वळून मला म्हणाला, "खिडकी उघडी ठेव गो." मला वाटलं भूल देण्याआधीचं औषध चढलंय. नंतर समजलं, तो घरच्या खिडकीबद्दल बोलत होता.

वेटिंग हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले. माझ्याजवळ पिशवी, आणि पिशवीत थर्मास. शुद्धीवर आला की घसा कोरडा पडेल, दोन चमचे पेज देऊ, असा माझा विचार. समोर पडद्यावर प्रत्येक पेशंटचा नंबर आणि पुढे "सुरू" असं लिहून येत होतं. नऊ वाजले, दहा वाजले. सुरू. लोक डबे उघडत होते, फोनवर बोलत होते. मला गावच्या देवाला घालायचं गाऱ्हाणं अर्धंच आठवत होतं, तेच अर्धं मी परत परत म्हणत होते.

अकराच्या सुमारास नातेवाइकांना पुकारलं. दाराशी सर्जन स्वतः उभा होता, डोक्यावर टोपी, मास्क गळ्यात.

"घाबरू नका, ते ठीक आहेत. पण रोबोटने पुढे जाता येत नाहीये. यकृत खूप मोठं आहे, उचलून धरलं तरी खालचं दिसत नाही. अडीच तास प्रयत्न केला. आता उघडतोय. सही आधीच आहे, पण तुम्हाला सांगायला आलो."

मी म्हटलं, "पण तीन आठवडे केलं ना आम्ही सगळं!"

"आहार पूर्ण पाळला होता ना?"

"अहो, काही खाल्लं नाही त्याने. नुसती पेज."

तो जायला वळला होता, तो थांबला. "पेज?"

"हो. अशक्तपणा आला म्हणून."

"कधी?"

"रोज. तीनदा."

मी हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मी चौतीस वर्षं पोरांना ओरडले, ओरडा खायची माझी तयारी होती. तो फक्त म्हणाला, "ठीक आहे मॅडम, बसा तुम्ही," आणि आत गेला. दार आपोआप बंद झालं.

मी बसले नाही. थर्मास घेऊन बाथरूममध्ये गेले आणि बेसिनमध्ये उलटा केला. पाणी खाली गेलं आणि जाळीवर शितं राहिली. फुगलेली, मऊ, ढीगभर. बेसिन तुंबलं. मागे एक बाई हात धुवायला खोळंबली होती. मी बोटांनी शितं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकत होते आणि ती संपत नव्हती. तक्त्यावर भातापुढच्या बंदखाली दोन लाल रेघा होत्या, आणि मी त्या माणसाला रोज तीन वेळा भात पाजत होते. हे कळायला मला बेसिन तुंबावं लागलं! मी, जिने पोरांना पिष्टमय पदार्थ शिकवले, उदाहरण म्हणून तांदूळ लिहून दिला. तिथेच रडले, मोठ्याने. त्या बाईने मला धरून बाकावर आणलं. तिला वाटलं, माझं माणूस गेलं.

संध्याकाळी चारला सगळं आटोपलं. गाठ पूर्ण निघाली होती. पुढे तपासणीतही ती फार वाईट नाही असं आलं. मी देवाचे आभार मानले, मानायलाच हवेत. पण दुसऱ्या दिवशी आयसीयूत त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या पोटावर बरगड्यांपासून खालपर्यंत पट्टी होती, आणि श्वास घेताना तो दर वेळी मधेच अडत होता. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं त्याच्या हातात दिलं होतं, आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिली गोळी अर्धी उठली आणि पडली. एक गजर अर्धा तास चढवत नेणारा माणूस. फिजिओवाली म्हणाली, "व्हेरी गुड काका." मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिची काही चूक नव्हती.

मग आठवड्याने जखमेच्या खालच्या टोकाला पू झाला, दोन टाके उघडले. पोटात घातलेल्या नळीतून स्वादुपिंडाचा रस गळत राहिला. मी सर्जनला पॅसेजमध्ये गाठलं आणि विचारलं, हे पण माझ्यामुळेच ना? तो म्हणाला, नाही, गळती दोन्ही पद्धतींत होते, चरबी असलेलं स्वादुपिंड मऊ असतं, टाका धरत नाही. आणि पोट उघडावं लागलं ते? त्यावर त्याने खांदे उचलले. "कदाचित पेज दिली नसती तरी उघडावं लागलं असतं. मला माहीत नाही. कोणालाच कळायचं नाही आता."

कोणालाच कळायचं नाही! शिक्षा पण नाही आणि सुटका पण नाही. मी त्याला नमस्कार केला आणि वॉर्डात आले.

भावाला मी काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे, रोज त्याची उशी सारखी करून परत यायचे. नवव्या दिवशी तीच आहारवाली मुलगी आली. आता तोंडाने पातळ सुरू करायला हरकत नाही, म्हणाली. "काका, काय घ्यावंसं वाटतंय?"

तो म्हणाला, "पेज."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलेलं होतं, सगळ्यांनाच कळलेलं होतं. "आता चालेल," ती हळूच म्हणाली, आणि साखर बघून इन्शुलिन ठरवू, असं लिहून निघून गेली.

ती गेल्यावर मी पलंगाची कड धरून सगळं बोलून टाकलं. पेजेमुळे यकृत कमी झालं नाही, पेजेमुळे साखर चढली, पेजेमुळे पोट फाडावं लागलं, तुझं गाणं मी घालवलं, रे. एका दमात. तो छताकडे बघत ऐकत होता.

"माका म्हायत होता," तो म्हणाला.

"काय म्हायत होता?"

"पेज बंद ती. त्या चेडवान फोनवर इचारल्यान, तांदळाचा काय जाता काय. मी म्हटलंय, पेज. ती म्हणाली, बंद करा, आजच्या आज."

"मगे सांगलंस कित्याक नाय माका?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. अकरा वर्षांचा असल्यापासून तो माझ्याकडे असाच बघत आला आहे, इतकी वर्षं मी त्याला आज्ञाधारकपणा समजत होते.

"तुका कोण सांगतलो?" तो म्हणाला. "तू पहाटेचा उठान करी होतंस. नको कसा म्हणू?"

त्याला घरी आणून आता सात महिने होत आले. नळी निघाली, जखम भरली, पोटाला रुंद पट्टा असतो. गणपतीत भजनाला पेटीवर दुसरा बुवा बसला. हा मागे टाळकऱ्यांत भिंतीला टेकून बसला होता. या वेळी मी खाली गेले होते. गजर चढायला लागला तसं याने तोंड उघडलं, पट्ट्यावर हात गेला, आणि तोंड मिटलं. मग टाळ वाजवत राहिला, ठेका कुठे चुकला नाही.

सकाळी मी उठते. पाचला नाही, सातला. डबा खाली काढायच्या आधी त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन विचारते. आता आवाज चढवत नाही, शक्य तितकं साधं विचारते. "पेज करू काय? नको तर नको म्हण."

"कर," तो म्हणतो.

रोज तोच शब्द, लगेच. मी दाराशी थोडा वेळ उभी राहते, तो आणखी काही बोलतो का म्हणून. तो बोलत नाही. त्याला खरंच हवी असते की मी विचारलं म्हणून तो कर म्हणतो, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. मग मी आत जाऊन तांदूळ धुते.